देवीच्या कानातलं

माझ्या मुलाला, दामिसला, काय झालंय कोण जाणे. यंदा त्यानं पहिलं नाणं मला आणून दाखवलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? अहो, एवढंच कसं? त्याचा बाप टांकसाळीत ठसे कोरायचा, बापाचा बापही तेच करायचा. नवा ठसा तयार झाला की त्यावर पाडलेलं पहिलं नाणं आमच्या घरी यायचं. फडक्यात गुंडाळून नाही, उघड्या तळहातावर, वाटेत भेटेल त्याला दाखवत. ते मी ठेवून घ्यायची आणि पेरणीच्या तोंडावर बायकांचा सण आला की माझ्या हातानं देवीच्या खड्ड्यात टाकायची. क्रानिसमध्ये दोघी देवींची, आईची आणि लेकीची, पूजा माझ्या माहेरच्या बायकांकडं आहे. आजीनं केली, आईनं केली, आता मी करते. माझ्या हातून खड्ड्यात पडल्याशिवाय आमच्या गावचं नाणं आमच्या बाजारात कुणी घेत नाही. तोवर ती नुसती चांदी. भांडं करा नाहीतर चमचा करा.

आणि हा काय करतो? संध्याकाळी येतो, हात धुतो, खारवलेला मासा आणि भाकरी खाली मान घालून गिळतो आणि माडीवर निघून जातो. विचारलं तर म्हणतो, "आई, ठसा अजून बसला नाही नीट." मला सांगतो! ठसे कोरणाऱ्याच्या घरात माझे केस पांढरे झाले. घण चाचपडत पडतोय की सरळ पडतोय हे मला अंगणात सातू पाखडताना ऐकू येतं. टांकसाळीत सकाळपासून सरळ घण पडत होता. नाणी पडत होती, टोपल्या भरत होत्या, आणि माझा मुलगा माझ्याच चुलीपाशी बसून माझ्याशी खोटं बोलत होता.

मला वाटलं होतं, नव्या छापाची लाज वाटत असेल त्याला. वाटावीच. आमच्या नाण्यावर एका अंगाला देवीआईचं तोंड आणि दुसऱ्या अंगाला सातूची लोंबी. कार्थेजच्या बाजारापर्यंत आम्हाला लोंबीवाले म्हणतात. त्या आईची लेक जमिनीखाली पळवून नेली, तिनं रागानं जगाचं पीक अडवून धरलं, आणि लेक परत मिळाली तेव्हा पहिली लोंबी आमच्या खालच्या शेतात उगवली. ते शेत अजून कुणाच्या मालकीचं नाही, देवीचंच आहे. म्हणून लोंबी. आता गढीवर थ्रासोन बसला. परवापरवापर्यंत घोड्यांची पैदास करणारा माणूस. भाड्याचे सैनिक घेऊन आला आणि पंचांना म्हणाला, तुम्ही दमला असाल, घरी बसा. ऑलिंपियाला त्याच्या चार घोड्यांचा रथ पहिला आला, तेव्हापासून तर त्याला स्वतःशिवाय काही दिसतच नाही. लोंबी काढा म्हणाला, माझा रथ घाला. वर उडणारी विजयदेवी, हातात माळ, ती माळ रथ हाकणाऱ्याच्या डोक्यावर.

मी तेव्हा दामिसला म्हटलं होतं, "घाल बाबा घोडे. घोडे तरी खातात काय? सातूच. पण दुसऱ्या अंगाला हात लावू नकोस."

"नाही लावत, आई," म्हणाला होता. देवीच्या नावानं म्हणाला होता.

सणाच्या आदल्या दिवशी माझी सून मिका विहिरीवरून आली. घागर खाली ठेवली आणि उगीच उभी राहिली. ही मिका जाळी विणणाऱ्याची पोर, पोत्यानं मीठ आणि मुठीनं बोलणं असलेल्या घरातली. पण माझ्यापुढं कधी अशी घुटमळलेली नव्हती.

"बोल की," मी म्हटलं. "तोंडात काय धरलंयस? अंजीर?"

"आई, तुम्ही ओरडाल."

"ओरडेन. बोल."

तिनं कमरेच्या पट्ट्यातून एक नाणं काढलं. टांकसाळीच्या केरातलं असावं म्हणाली, दामिसच्या अंगरख्याच्या घडीत अडकून घरी आलं. फसलेलं नाणं होतं. चकती ठशावर नीट बसली नव्हती, म्हणून छाप एका बाजूला सरकलेला, कपाळाचा भाग कडेबाहेर गेलेला. गाल दिसत होता, ओठ दिसत होते, कान दिसत होता.

काय सांगू? इतका सुंदर गाल माझ्या नवऱ्याच्या हातूनही कधी उतरला नव्हता. रडून झाल्यावर बाईचा गाल जसा थंड दिसतो तसा तो चांदीत दिसत होता. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. मग मी कान पाहिला.

कानात डूल होता. होडीच्या आकाराचा, आणि होडीखाली लोंबणारी तीन पाखरं.

तो डूल क्रानिसमधल्या आंधळ्यानंही ओळखला असता. थ्रासोनची बायको निकाया लग्न करून आली तेव्हा तो कानात घालून उघड्या गाडीतून गावभर फिरली होती. तिच्या माहेरचा डूल, असा दुसरा आमच्या किनाऱ्यावर नाही. गावातल्या पोरी मातीची पाखरं करून कानाला बांधायला लागल्या होत्या.

"म्हणजे ही देवी नाही," मी म्हटलं. "ही गढीवरची निकाया."

"तोंड देवीचंच आहे, आई," मिका म्हणाली. "मी नीट पाहिलं. नुसता कान तिचा आहे."

"कान कुणाचा ते कळलं की तोंड कुणाचं ते लोक आपोआप ठरवतात. उद्या मासळी विकणारी म्हणेल, आज एक निकाया दे. परवा म्हणेल, निकायाआई, पाऊस दे. आणि थ्रासोन देवीचा नवरा होऊन बसेल. मग त्याला कोण म्हणणार, खाली उतर?"

दामिस आला तसं मी नाणं त्याच्या ताटात ठेवलं, माशाशेजारी.

त्यानं ते पाहिलं. मग मिकाकडं पाहिलं.

"तिच्याकडं बघू नकोस. माझ्याकडं बघ. हे काय आहे?"

"डूल आहे."

"कुणाचा?"

"आई, देवीला एक नवा दागिना मिळाला तर बिघडलं काय?"

"माझ्याशी चावटपणा करू नकोस. कुणाचा?"

त्यानं नाणं पालथं घातलं. मग भाकरी खाली ठेवून म्हणाला, "मला बोलावलं होतं गढीवर. सिराक्यूजहून दुसरा कोरणारा आणून ठेवला होता त्यांनी, शेजारच्या खोलीत. म्हणाले, डूल घाल, नाहीतर तो घालेल, आणि तू दगडाच्या खाणीत जा. मी काय करायचं होतं? तू सांग."

मिकानं उठून दाराला कडी घातली. खाण म्हणजे काय ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. तिच्या मामाला तिथं नेला होता. त्याचं प्रेत मागायलाही कुणी गेलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गढीवर जाऊन भांडली असतीस."

हे मात्र खरं होतं.

"आई," तो म्हणाला, आणि लहानपणी ताप आला की जसा माझा पदर धरायचा तसा धरला. "यंदा पहिली नाणी निकाया स्वतः आणणार आहे. तू घे फक्त. खड्ड्यात टाक. कुणी एवढं निरखून बघत नाही. नाही घेतलीस तर ते मला सोडणार नाहीत."

मी त्याच्या हातातून पदर सोडवला. पण मनात ठरवलं. देवीआईला आपली लेक परत हवी होती म्हणून तिनं माणसांना उपाशी मारलं. मला माझा मुलगा हवा असेल तर तिला समजेल. मी डोळे मिटेन, नाणी खड्ड्यात जातील आणि जो काही कोप व्हायचा तो माझ्यावर होईल. म्हातारीचं काय राहिलंय असं!

सणाच्या पहिल्या दिवशी बायका उजाडताच देवीच्या टेकडीवर जमल्या. पुरुष त्या दिवशी त्या वाटेला फिरकत नाहीत, कुत्रा नर असला तरी हाकलतात. दारापाशी मी बसते आणि माझ्याशेजारी मिका टोपली घेऊन. रीत अशी की देवीच्या आवारात कुठलाही दागिना जात नाही. सोनं नाही, चांदी नाही, वेणी नाही, वहाण नाही, जांभळ्या काठाचं वस्त्र नाही. देवीआई लेकीला शोधत हिंडत होती तेव्हा तिच्या अंगावर काही नव्हतं, म्हणून आम्हीही तशाच जातो. हातातलं, कानातलं टोपलीत टाकायचं, केस मोकळे सोडायचे, निर्गुडीच्या डहाळ्यांवर जमिनीवर बसायचं, दिवसभर उपास आणि संध्याकाळी पुदिना घातलेली सातूची आंबील. आणि तीळ-मधाच्या पोळ्या. त्यांचा आकार काय असतो ते पुरुषांसमोर सांगायचं नसतं, म्हणून इथंही सांगत नाही.

आणि त्या दिवशी वाटेल ते बोलायची मोकळीक. देवीआई दुःखानं दगड होऊन बसली होती तेव्हा एका म्हातारीनं अचकटविचकट बोलून तिला हसवलं, म्हणून त्या दिवशी बायकांच्या जिभेला लगाम नाही. आत बोललेलं बाहेर न्यायचं नाही एवढंच.

"लिसो, जिभेला धार कुठल्या दगडावर लावतेस?" तेल गाळणारी माझं नाव घेऊन दारातूनच ओरडली.

"तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर. दुसरा उपयोगच नाही त्याचा," मी म्हटलं.

"उपयोग नाही तर काय! रात्री घाण्याचा बैल जास्त हालचाल करतो!"

बायका खिदळायला लागल्या. एरवी त्या दिवशी माझ्याइतकं कुणी हसत नाही. मी टोपलीत पडणाऱ्या बांगड्यांकडं बघत होते.

मग निकाया आली. मागं दोन दासी, त्यांच्या हातात नाण्यांची झाकलेली टोपली.

"आली बघा रथवाली!" कुणीतरी ओरडलं. "काय गं, तुझा नवरा चौघांना एकदम जुंपतो म्हणे, मग तुझी वेळ कधी येते?"

मला वाटलं ती चिडेल. अजून माहेरी भावाबरोबर खेळायचं वय, आणि गढीवर आणून ठेवलेली. पण ती लाल झाली आणि चक्क म्हणाली, "माझी वेळ घोडे झोपल्यावर." बायकांनी टाळ्या पिटल्या. ती उत्तर द्यायला शिकली होती. मला ती बरी वाटली.

तिनं बांगड्या काढल्या. हार काढला. वेणी सोडली. मग दोन्ही हात वर नेऊन कानातले डूल काढले, होडी आणि तीन पाखरं, आणि मिकाच्या टोपलीत ठेवले. कानाच्या पाळ्या रिकाम्या झाल्या तशी ती फारच लहान दिसायला लागली.

"आजी," तिनं हळू विचारलं, "आत गेल्यावर मी देवीकडं मूल मागू ना? वसंतात माझं गेलं."

"माग. आईच आहे ती. नाणं दे इकडं."

तिनं टोपलीतलं पहिलं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. नीट बसलेली चकती, पुरी छापलेली. मी मुठीत धरून टाकणार होते. मन घट्ट केलंच होतं. पण ऊन सरळ येत होतं आणि तो गाल पुन्हा एकदा पाहावा असं वाटलं. पाहिला. मग देवीच्या कपाळावरची पट्टी पाहिली, फसलेल्या नाण्यात जी कडेबाहेर गेली होती ती.

पट्टीवर काही ओरखडे होते. मुंगीच्या पायांएवढे.

मला लिहायला येत नाही. पण बायका नैवेद्याची मडकी आणतात त्यांवर नावं ओरबाडलेली असतात, आणि कुणाचं मडकं कुणाला द्यायचं एवढ्यापुरती अक्षरं मला कळतात. पहिलं अक्षर तिकोनी, पालासारखं. ते मी झोपेतही ओळखेन. माझ्या मुलाच्या पाटीवर, त्याच्या पेटीवर, त्याच्या पेल्यावर तेच आहे.

"हे काय आहे, पोरी? हे कपाळावर?"

निकाया वाकून पाहायला लागली. "ते होय? तुमच्या मुलाचं नाव ना ते. तुम्हाला नाही सांगितलं त्यानं?"

"माझ्या मुलाचं नाव देवीच्या कपाळावर कुणी घालायला सांगितलं?"

"सांगितलं कुणी नाही. तोच आला होता गढीवर." ती अगदी भोळेपणानं सांगत होती. "म्हणाला, मला पट्टीवर नाव कोरू द्या, मी देवीच्या कानात बाईसाहेबांचे डूल घालतो. ह्यांना खूप हसू आलं. ह्यांना नुसते घोडे हवे होते हो, देवीचं ह्यांच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मग म्हणाले, डोळ्याला न दिसणारं काहीतरी मागतोय, घेऊ दे. मला नको होतं, आजी. खरं सांगते. मी ह्यांना म्हटलं, देवीशी बरोबरी केली की मुलं जातात. तो माझे डूल मागून घेऊन गेला, समोर ठेवून कोरायला, आणि त्याच दिवसांत माझं बाळ गेलं."

"आणि सिराक्यूजचा कोरणारा? शेजारच्या खोलीतला?"

"कुठला कोरणारा?"

माझ्या शेजारी मिकाच्या हातातली टोपली कलली. एक बांगडी बाहेर पडून गडगडत गेली. कुणी उचलली नाही.

मी उठून उभी राहिले. सगळ्या बायका गप्प झाल्या, कारण त्या दिवशी मी दारातून उठत नाही.

"निकाया," मी म्हटलं, "तू दागिने काढलेस?"

"काढले."

"वहाणा?"

"काढल्या."

"मग तू आत जा. पोट रिकामं ठेव, डहाळ्यांवर बस, आणि देवीकडं जे मागायचं ते माग. तुझं काही चुकलेलं नाही. पण हिच्या कानात डूल आहे." मी नाणं वर धरलं. "ही दागिना घालून आलीय. हिला आत घेता येत नाही."

मी नाणं दासीच्या टोपलीत परत टाकलं. टोपली उलट्या वाटेनं टेकडी उतरली. सगळ्या बायकांनी ती पाहिली. निकाया रडत होती. मी तिचा हात धरून तिला आत नेलं, आणि खड्ड्यात यंदा नाणं पडलं नाही. दरवर्षीप्रमाणं डुकराची पिल्लं पडली, पोळ्या पडल्या, नाणं नाही.

सणाचे उरलेले दिवस मी टेकडीवरच काढले. मिका माझ्या शेजारी झोपायची. एका रात्री म्हणाली, "त्या दिवशी त्याच्या माशाचं मीठसुद्धा धुऊन काढलं होतं मी. म्हटलं, भीतीनं घास उतरत नसेल."

सण संपवून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गढीचा कारभारी सिमोस दारात उभा राहिला. चपट्या नाकाचा, गोड बोलणारा माणूस. दामिस घरातच होता. टांकसाळ बंद होती.

"बाई," सिमोस म्हणाला, "सणात काय झालं ते मी विचारत नाही. मी पुरुष आहे, मला ऐकायचंही नाही. पण भरलेली टोपली परत आली, ती गावानं पाहिली. पाणवठ्यावर बोलतायत, देवीनं थ्रासोनला नाकारलं."

"मी काही बोललेले नाही."

"तुम्ही बोलत नाही तेच तर अवघड झालंय. मालक म्हणतात, देवीशी आपलं भांडण नको. घरात बाईसाहेब रडतायत, आणि त्यांना वारस हवाय. तेव्हा उद्या सकाळी तुम्ही चौकात उभं राहून गावाला सांगा. दोन गोष्टी सांगता येतील. एक, नाणं देवीला मान्य आहे, टोपली आणण्यात काही चूक झाली होती, तुम्ही ती आता खड्ड्यात टाकताय. मग दामिस टांकसाळीत, तुम्ही देवळात, सगळं जिथल्या तिथं."

"आणि दुसरी?"

"दुसरी, देवी कोरणाऱ्यावर रागावली. त्यानं तिच्या कपाळावर स्वतःचं नाव घातलं म्हणून. मग आम्ही ठसा मोडतो. नवा करू, बिनडुलाचा. पण देवीचा राग ओढवणारा माणूस गावात ठेवता येणार नाही. समुद्रापलीकडच्या रेगिओनचं जहाज उद्या दुपारी सुटतंय."

"आणि मी तिसरंच बोलले तर? देवी डुलावर रागावली असं?"

सिमोसनं उंबऱ्याकडं पाहिलं. "मग बाई, खाणीत तुम्हा तिघांना जागा आहे. ही खरी खाण. दामिसनं सांगितली ती नव्हे."

म्हणजे तेही त्यांना कळलं होतं. निकायानं सांगितलं असेल. सांगणारच, तिला लपवायचं काय होतं?

तो अंगणातल्या अंजिराखाली जाऊन थांबला. उत्तर घेऊनच जाणार होता.

"आई, पहिलं," दामिस म्हणाला. "पहिलं सांग. देवीचा डूल आहे की निकायाचा, कुणाला काय फरक पडतो? वर्षभरात नाणी झिजतात, डूल झिजून जाईल. हे माझं सगळ्यात चांगलं काम आहे. तू पाहिलंस. तू खोटं बोलू शकत नाहीस, तू पाहिलंस ते, आणि तुला आवडलं."

"आवडलं," मी म्हटलं.

"मग? बापानं आयुष्यभर कोरलं. डोळे गेले त्याचे. शेवटी हातानं चाचपडून घास खायचा. त्याच्या लोंब्या कार्थेजपर्यंत गेल्या, आणि त्या कुणी केल्या हे एका माणसाला माहीत आहे का? एकाला तरी?"

"मला माहीत आहे."

"तुला! तू मेलीस की?"

मिका भिंतीशी उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली. "मग आम्हाला खाणीचं का सांगितलंस? नाव हवं होतं तर नाव हवं होतं म्हणायचं. मी म्हटलं असतं, घाल."

"तू म्हटलं असतंस. ही म्हटली असती का?"

"नसतं म्हटलं," मी म्हणाले. "पण भांडले असते तुझ्याशी. तेवढं तरी करू द्यायचं होतंस."

तो माझ्यापुढं गुडघ्यावर बसला. तेच हात, बापासारखे रुंद नखांचे. मिका आत गेली आणि तिचं चार कपड्यांचं गाठोडं बांधायला लागली. ती त्याच्याबरोबर जाणार हे मला न सांगता कळलं. तिला जाऊ नको म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं. मला लेक नाही. पूजेचं सगळं मी तिला शिकवलं होतं, आणि ती गेली की माझ्यामागं टेकडीवरच्या दारात कोण बसणार ते थ्रासोन ठरवणार. सिमोस अंजिराखाली उभा राहून हेच मनात मोजत असणार.

मी दामिसच्या डोक्यावर हात ठेवला. मग काढला.

"सिमोस," मी मोठ्यानं हाक मारली, "उद्या मी चौकात दुसरं सांगेन. जा, जहाजवाल्याला सांग दोघांची जागा ठेव."

मग मी मुलाकडं वळले. तो अजून गुडघ्यावरच होता. कारभाऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याला म्हटलं:

"दामिस, नीट ऐक, कारण मी पुन्हा बोलणार नाही. तू घाबरून केलं असतंस ना, तर ते नाणं मी खड्ड्यात टाकलं असतं आणि देवीच्या तोंडावर खोटं बोलले असते. माझं ठरलं होतं तसं. पण तुला कुणी धमकावलं नव्हतं. तू चालत गढीवर गेलास, देवीचा कान विकलास आणि तिचं कपाळ विकत घेतलंस, आणि वर येऊन आईला आणि बायकोला खाणीची भीती घातलीस. त्या रडणाऱ्या पोरीचे डूल मागून आणताना तिच्याकडं बघितलंससुद्धा नाही. नाव हवं होतं ना तुला? उद्या चौकात मी तुझं नाव घेईन, पुरं, बापाच्या नावासकट, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. जा रेगिओनला. काम चांगलं करतोस, पोट भरेल. मिकाला उपाशी ठेवू नकोस. आणि परत येऊ नकोस. मी जिवंत आहे तोवर ह्या दारातून तुला मी आत घेणार नाही."